जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाची फाइल: पहिलाच अर्ज पुरेसा व्हावा म्हणून

जर्मनीत शिकायला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने १ जुलै २०२५ रोजी एक मोठा बदल झाला आणि त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. तोवर व्हिसा नाकारला गेला, तर त्याच वकिलातीकडे फेरविचाराची लेखी विनंती करता येत असे. राहून गेलेला कागद जोडायचा, शंकेचे उत्तर द्यायचे आणि तोच अर्ज पुन्हा तपासून घ्यायचा, अशी ती सोय होती. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने त्या दिवसापासून ती जगभरातील सर्व वकिलातींत बंद केली. आता नकार आल्यास दोनच मार्ग उरतात: पुन्हा शुल्क भरून आणि पुन्हा तारीख मिळवून नवा अर्ज करणे, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे. आमच्या सांगली-मिरजेकडच्या कुटुंबांना न्यायालयाचा मार्ग झेपणारा नाही, आणि नव्या अर्जाची तारीख मिळेपर्यंत बहुतेक वेळा सत्र सुरू होऊन गेलेले असते.

मी या भागातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. शेवटच्या वर्षाची मुले शिफारसपत्रासाठी येतात आणि बोलता बोलता त्यांची फाइल माझ्या टेबलावर येते. यंदा माझी भाची मास्टर्ससाठी निघाली, त्यामुळे हे सगळे काम पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत जवळून पाहता आले. या अनुभवावरून माझे मत ठाम झाले आहे की व्हिसाचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः तयार करावा, वडीलधाऱ्यांनी आणि शिक्षकांनी तो तपासावा, आणि फाइलमधला प्रत्येक कागद तिथे का आहे, हे विद्यार्थ्याला कोणाकडे न पाहता सांगता यावे. विद्यापीठाचे प्रवेशपत्र, पैशांचा पुरावा, आधीचे शिक्षण आणि पुढचा बेत या सर्वांतून एकच सुसंगत माणूस उभा राहिला, तर अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा राहत नाही.

सर्वांत आधी वेळेचा विचार करावा लागतो, आणि तो उलट्या दिशेने करावा लागतो. जर्मनीतील हिवाळी सत्राची व्याख्याने साधारणपणे ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. अनेक विद्यापीठांची अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, परंतु इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या, परदेशी विद्यार्थ्यांची गर्दी असलेल्या मास्टर्स अभ्यासक्रमांची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. ज्याचे प्रवेशपत्र जुलैअखेर हाती येते आणि जो तेव्हा कुठे शैक्षणिक कर्जासाठी बँकेची पायरी चढतो, त्याला ऑक्टोबर गाठणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे प्रवेशाची वाट न पाहता जी कामे उरकता येतात, ती आधीच्या दिवाळीपासून हाती घ्यावीत, असे मी मुलांना सांगते. पासपोर्ट, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाकडून मिळणारी ट्रान्सक्रिप्ट (सर्व गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा), आयईएल्टीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, कर्जाची प्राथमिक चौकशी आणि एपीएस ही ती कामे होत.

एपीएसविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पालकांना हा प्रकार नवा आहे. एपीएस ही भारतीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत का, हे तपासणारी नवी दिल्लीतील यंत्रणा आहे. चीन आणि व्हिएतनाम या देशांत ती पूर्वीपासून होती. भारतीय अर्जदारांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून तिचे प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जासोबत सक्तीचे झाले. काही वर्गांना सूट आहे, पण आपल्याकडची पदवी घेऊन मास्टर्सला निघालेल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला ते लागतेच, आणि आता अनेक विद्यापीठे प्रवेशाच्या अर्जातच ते मागतात. शुल्क १८ हजार रुपये आहे. लहान गावातल्या कुटुंबाला ही रक्कम खटकते, हे मी पाहिले आहे. तरीही मला ही तपासणी योग्य वाटते. खोट्या गुणपत्रिका आणि बनावट अनुभवपत्रे जोडून जाणाऱ्यांमुळे प्रामाणिक विद्यार्थ्याच्या फाइलकडेही संशयाने पाहिले जात होते. आता ज्याची कागदपत्रे खरी आहेत, त्याच्या हाती निदान एक असा कागद आहे की ज्यावर जर्मन विद्यापीठ आणि जर्मन वकिलात दोघेही विश्वास ठेवतात.

एपीएसकडे कागद पाठवताना विद्यार्थी एक गोष्ट लपवू पाहतात, ती म्हणजे केटी. एखाद्या विषयात नापास झाल्याची जुनी गुणपत्रिका बाजूला ठेवायची आणि नंतर उत्तीर्ण झालेलीच तेवढी जोडायची, असा सल्ला मित्रमंडळी देतात. माझे सांगणे स्पष्ट आहे: सर्व प्रयत्नांच्या सर्व गुणपत्रिका क्रमाने लावाव्यात. गणित-तीनमध्ये केटी लागली म्हणून व्हिसा जात नाही, पण सत्र आणि वर्ष यांचा हिशेब जुळला नाही, तर कागदपत्रांच्या खरेपणाविषयीच प्रश्न उभा राहतो. एखादे वर्ष वाया गेले असेल, तर ते का गेले आणि त्या काळात काय केले, हे दोन ओळींत स्वच्छ लिहावे. आजारपण, घरातील अडचण, स्पर्धा परीक्षेची तयारी ही सगळी कारणे माणसांची कारणे आहेत आणि ती समजून घेतली जातात.

आता नावाकडे येते. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या फायलींत मला सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी आढळतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव, असा क्रम असतो आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात असते. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी येते. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि उरलेल्या नावांचा दुसरा रकाना असतो, त्यात कोणी वडिलांचे नाव घालते, कोणी घालत नाही. समजा, 'पाटील स्नेहल संभाजी' अशी गुणपत्रिका असलेल्या मुलीच्या पासपोर्टवर नुसते 'स्नेहल पाटील' आहे, आणि जर्मन विद्यापीठाच्या ऑनलाइन अर्जात तिने गुणपत्रिका समोर ठेवून नाव भरले. मग प्रवेशपत्र निघते ते 'पाटील' हे पहिले नाव आणि 'संभाजी' हे आडनाव धरून. आपल्याला हे सगळे एकच आहे, हे पाहताक्षणी कळते. म्युनिक किंवा आखेनच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ते कळण्याचे काही कारण नाही.

यात रोमन स्पेलिंगची भर पडते. चव्हाण, दीक्षित, वाघमारे, जाधव अशा आडनावांची स्पेलिंगे एकाच घरातील दोन भावांच्या कागदांवर वेगळी सापडतात; कुठे एक 'ए', कुठे दोन, कुठे 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'. वडिलांच्या नावापुढचा 'राव' एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर गळून पडलेला असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर पदवी एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने, असे सर्रास होते. यावर उपाय आहेत, फक्त ते वेळेवर सुरू करावे लागतात. परदेशी व्यवहारात पासपोर्टवरचे नाव हेच प्रमाण मानावे आणि प्रवेशअर्ज, एपीएस, भाषेची परीक्षा, बँक, विमा, सगळीकडे तेच नाव त्याच क्रमाने भरावे. जिथे गुणपत्रिका वेगळे सांगते, तिथे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून जोडावे. नाव खरोखरच बदलले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे. दहावीच्या प्रमाणपत्रातील चूक दुरुस्त करायची असेल, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावे लागते. आमच्या भागासाठी ते कोल्हापूरला आहे. या दुरुस्तीत वेळ फार जातो. म्हणून प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांच्यात तफावत असेल आणि पासपोर्ट प्रमाणपत्राप्रमाणे करून घेणे शक्य असेल, तर मी तोच मार्ग सुचवते. दहावीच्या मुलांच्या पालकांनी हे वाचले, तर त्यांना माझी विनंती आहे की शाळा परीक्षेच्या अर्जातील नावे तपासायला देते, त्या दिवशी ती यादी अक्षर न् अक्षर वाचावी.

पैशांचा पुरावा हा फाइलचा सर्वांत जड भाग आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सत्रागणिक एक छोटी रक्कम तेवढी भरावी लागते, हे आपल्याकडे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग इत्यादी ठिकाणी, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ पासून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो आकारायला सुरुवात केली आहे. शुल्क असो वा नसो, राहण्याखाण्याच्या एका वर्षाच्या खर्चाची सोय मात्र आधी दाखवावी लागते. त्याचा रूढ मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात किमान ११,९०४ युरो जमा करावे लागतात आणि जर्मनीत पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो काढता येतात. त्याआधी ही रक्कम ११,२०८ युरो होती आणि त्याही आधी १०,३३२. ती वाढत जाते, म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. एका युरोचे शंभर रुपये धरले, तरी हा आकडा बारा लाखांच्या आसपास जातो.

हे बारा लाख बहुतेक घरांत कर्जातून येतात, आणि इथे शेतकरी कुटुंबांची एक खास अडचण होते. मुलाच्या वडिलांच्या नावावर बागायती जमीन असते, सातबारा स्वच्छ असतो, आणि त्यांना वाटते की तारणाचा प्रश्न मिटला. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकले, तर बँकेला त्या कायद्याखाली ती जमीन ताब्यात घेता येत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँका सहसा शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत आणि बिगरशेती प्लॉट, घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी मागतात. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेप्रमाणे साडेसात लाखांपुढच्या कर्जाला प्रत्यक्ष तारण द्यावे लागते. चार लाखांवरील कर्जात परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के रक्कम कुटुंबाने स्वतः घालायची असते. काही बँका निवडक विद्यापीठांसाठी तारणाविना मोठे कर्जही देतात, त्यामुळे एकाच शाखेत जाऊन परतू नये. ज्या पालकांची सगळी मिळकत शेतीची आहे, त्यांनी हा प्रश्न मुलाच्या तिसऱ्या वर्षातच सोडवायला घ्यावा. वाटणीपत्र, वारसनोंद, घराच्या जागेचे कागद यांची कामे तलाठी आणि भूमिअभिलेख कार्यालयात किती लांबतात, हे गावाकडच्या माणसाला मी सांगायला नको.

भाचीच्या वेळी आणखी एक मुद्दा समोर आला. शैक्षणिक कर्जाची रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरायची, ही बँकेची सवय. सरकारी जर्मन विद्यापीठात शुल्कच नसल्याने शाखेतील अधिकाऱ्याला प्रश्न पडला की मग पैसे द्यायचे कोणाला, आणि व्हिसा मिळण्याआधी परदेशातील खात्यात एवढी रक्कम कशी सोडायची. माझा भाऊ, म्हणजे तिचे वडील, या प्रश्नांनी फार खचले होते. आम्ही जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरील कागदपत्रांची अधिकृत यादी छापून नेली, त्यात ब्लॉक्ड अकाउंटची अट दाखवली आणि व्हिसा नाकारला गेल्यास ही रक्कम परत मागता येते, हे खाते उघडणाऱ्या कंपनीच्या अटींतून वाचून दाखवले. त्यानंतर काम मार्गी लागले. म्हणून कर्ज मंजुरीच्या पहिल्याच भेटीत एवढे विचारून घ्यावे: व्हिसापूर्वी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम पाठवाल का, आणि हे मंजुरीपत्रात लिहून द्याल का?

पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो, त्यात उद्देश नेमका लिहावा. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी पाठवण्याच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँकेने जागीच वसूल केलेला कर, लागण्याची मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर गेली आहे आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही. घरच्या बचतीतून पाठवणाऱ्यांनी मात्र त्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. मधल्या बँकांचे शुल्क वाटेत कापले जाते, त्यामुळे नेमके ११,९०४ युरो पाठवले, तर खात्यात थोडे कमी पोहोचतात आणि रक्कम जमा झाल्याचे पुष्टीपत्र अडते. थोडी जास्तीची रक्कम पाठवणे शहाणपणाचे आहे. ब्लॉक्ड अकाउंट हा एकमेव मार्ग नाही, हेही सांगते. डाडसारख्या (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवा) संस्थेची पुरेशी शिष्यवृत्ती असेल, तर तिचे पत्र चालते, आणि जर्मनीत राहणारे कोणी नातेवाईक तिथल्या कार्यालयात औपचारिक हमीपत्र देऊ शकत असतील, तर तेही चालते. मात्र हे हमीपत्र देणाऱ्यावर खरी कायदेशीर आर्थिक जबाबदारी टाकते. मामा-काकांना भिडेपोटी त्यात गुंतवू नये.

एजंटांविषयी मला कडकपणे लिहावेसे वाटते. सगळे एजंट वाईट असतात, असे मी म्हणत नाही. पण पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की जर्मनीतील सरकारी विद्यापीठे विद्यार्थी आणून दिल्याबद्दल सहसा कमिशन देत नाहीत, आणि मोठे शुल्क घेणाऱ्या काही खासगी संस्था देतात. तुमच्या मुलाला सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळण्याजोगे गुण असताना एखादा सल्लागार खासगी संस्थेचाच आग्रह धरत असेल, तर त्या आग्रहाचे कारण विचारा. संस्थेला जर्मनीत मान्यता आहे का, हे 'अनाबिन' या जर्मन माहितीकोशात घरबसल्या पाहता येते. अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात होणार आहे की बराचसा ऑनलाइन, हेही प्रवेशपत्रातून तपासावे, कारण विद्यार्थी व्हिसाचा पायाच तिथे राहून शिकण्याची गरज हा आहे. घरी बसून करता येण्याजोग्या अभ्यासक्रमासाठी देशात राहू द्यावे, असे अधिकाऱ्याला पटवणे फार कठीण.

एजंटच्या हाती फाइल देण्यातला सर्वांत मोठा तोटा दिसतो तो प्रेरणापत्रात, म्हणजे मोटिव्हेशन लेटरमध्ये. माझ्याकडे आलेल्या मुलांच्या पत्रांत मला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला आहे: लहानपणापासून यंत्रांची आवड, जर्मनी ही अभियंत्यांची भूमी, तिथल्या संशोधनाचा जगभर लौकिक. यातले काही खोटे नसते, पण त्या मुलाविषयी त्यातून काहीच कळत नाही. वकिलातीतील अधिकाऱ्याला काही नेमक्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात. हाच अभ्यासक्रम का? आधी शिकलेल्या विषयांशी त्याचा संबंध काय? हे शिक्षण भारतात किंवा अन्यत्र न घेता जर्मनीत का घ्यायचे? खर्च कोण करणार? शिक्षणानंतर काय करण्याचा विचार आहे? मेकॅनिकलची पदवी, मग दोन वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी आणि आता व्यवस्थापनाचे मास्टर्स, असा प्रवास असेल, तर ही वळणे का घेतली, हे सांगण्याची जागा हेच पत्र आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या पहिल्या मसुद्यात असाच परिच्छेद लिहून आणला होता. मी त्याला विचारले, तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात काय केलेस? त्याने इस्लामपूरजवळच्या त्यांच्या शेतातील ठिबक संचाच्या दाबावर लक्ष ठेवणारे सेन्सर बसवले होते, त्यातले दोन पावसात निकामी झाले होते आणि का झाले, हे त्याने शोधून काढले होते. हे सगळे तो मला उत्साहाने अर्धा तास सांगत होता आणि पत्रात त्याचा एक शब्द नव्हता. आम्ही ते पत्र पुन्हा लिहिले. ज्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, तिथल्या अभ्यासक्रमपुस्तिकेतील एम्बेडेड प्रणालींचे आणि मापनतंत्राचे विषय त्याने नावानिशी नमूद केले, आपल्या प्रकल्पात नेमके कोणते ज्ञान कमी पडले ते लिहिले आणि ते या विषयांतून कसे मिळेल, हे सांगितले. पत्र दीड पानाचे झाले आणि ते दुसऱ्या कोणाच्याही फाइलमध्ये बसण्यासारखे राहिले नाही.

शिक्षणानंतर काय, या प्रश्नावर मुले दोन टोकांना जातात. काहीजण लिहितात की पदवी मिळताच मी मायदेशी परतून देशसेवा करीन, आणि काहीजण तिथे कायम राहण्याचा बेत उघड करतात. जर्मन कायद्यानेच पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंतचा परवाना ठेवला आहे, त्यामुळे तिथे काही काळ अनुभव घेण्याची इच्छा लपवण्याची गरज नाही. जे खरोखर मनात आहे, ते प्रमाणात आणि संयमाने लिहावे. मात्र शिक्षण चालू असताना नोकरी करून खर्च भागवीन, हे वाक्य पत्रात कुठेही असू नये. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, पण ती पूरक सोय आहे. तिच्यावर घरखर्चाचा डोलारा उभा केलेला दिसला, तर येण्याचा हेतू शिक्षणाचा की कमाईचा, हा प्रश्न निर्माण होतो. पालकांनाही माझे हेच सांगणे असते. पहिल्या सत्रात भाषा, हवामान आणि परीक्षा यांतूनच वेळ निघत नाही.

हे पत्र यंत्राकडून लिहून घेण्याची सोय आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. व्याकरण तपासायला तिचा उपयोग करावा, माझी हरकत नाही. पण मजकूर स्वतःचा असावा, कारण प्रत्यक्ष भेटीच्या वेळी याच पत्रावरून प्रश्न विचारले जाऊ शकतात, आणि स्वतः न लिहिलेल्या वाक्याचे समर्थन करताना मूल अडखळते.

बाकीच्या कागदांचे थोडक्यात सांगते. बायोडेटा तारखांनिशी, एकही महिना मोकळा न सोडता लिहावा. अभ्यासक्रम इंग्रजीतून असेल, तर भाषेचा पुरावा म्हणून आयईएल्टीएस किंवा टोफेलचा निकाल ठेवावा. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचे महाविद्यालयाचे पत्र काही विद्यापीठे चालवून घेतात, पण मी त्यावर अवलंबून राहू देत नाही. जर्मन भाषेची पहिली पातळी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा ऑनलाइन करून ठेवली, तर अर्जालाही वजन येते आणि तिथे गेल्यावर घरमालकाशी दोन शब्द बोलता येतात. विम्याच्या बाबतीत, प्रवासाच्या दिवसापासून विद्यापीठात नाव नोंदेपर्यंतच्या काळाचा प्रवासी आरोग्यविमा आणि नंतरचा जर्मन विद्यार्थी विमा, असे दोन भाग असतात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीत मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर संपूर्ण शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, गावच्या सरपंचांचे शिफारसपत्र असे न मागितलेले कागद जोडून फाइल फुगवू नये. त्यांत मराठी कागद असतील, तर वाचणाऱ्याची अडचणच होते.

१ जानेवारी २०२५ पासून जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. मला ही सोय फार उपयोगी वाटते. कागद घरी बसून, शांतपणे, एकेक करून चढवता येतात आणि मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जाण्याआधीच काय कमी आहे, ते कळण्याची शक्यता असते. स्कॅन मात्र स्वच्छ हवेत. मोबाइलवर तिरपा काढलेला, कडेला सावली पडलेला गुणपत्रिकेचा फोटो मी परत पाठवते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथील रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. नोकरीनिमित्त बंगळूर किंवा हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या मुलांनी कोणत्या पत्त्यावरून अर्ज करायचा, हे आधीच ठरवून त्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे आणि ते रुपयांत भरायचे असते.

प्रत्यक्ष तारखेला जाताना मूळ कागद आणि प्रती यादीच्याच क्रमाने लावून न्याव्यात. बोटांचे ठसे घेतले जातात, कागद पाहिले जातात, काही प्रश्न विचारले जातात. उत्तरे छोटी, खरी आणि पत्राशी जुळणारी असावीत. त्यानंतर काही प्रकरणांत फाइल जर्मनीतील त्या त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडेही पाठवली जाते, आणि तिथल्या कामाच्या गतीवर आपला काही ताबा नसतो. या काळात रोज ईमेल करून विचारणा करण्याने काही साधत नाही. व्हिसा हाती येण्यापूर्वी नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि रद्द न होणारे विमानाचे तिकीट काढू नये. विद्यापीठाला मात्र वेळेत कळवावे की अर्ज दाखल झाला आहे आणि पोहोचायला उशीर होऊ शकतो. बरीच विद्यापीठे नावनोंदणीसाठी मुदत वाढवून देतात किंवा पुढच्या सत्रात प्रवेश राखता येईल का, ते सांगतात, पण त्यासाठी आधी विचारावे लागते.

व्हिसाचा पासपोर्ट परत आला की त्याच दिवशी त्यावरचे नाव, जन्मतारीख, वैधतेच्या दोन्ही तारखा आणि शिक्षणाचा उल्लेख तपासून घ्यावा. चूक असेल, तर ती इथूनच दुरुस्त करून घेणे सोपे असते. हा व्हिसा ठरावीक काळाचाच असतो आणि तो संपण्याआधी तिथल्या शहरात पत्ता नोंदवून निवासी परवाना घ्यायचा असतो. त्या कार्यालयातही प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचे पुष्टीपत्र, विमा आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र पुन्हा दाखवावे लागू शकते. म्हणून ही संपूर्ण फाइल सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावी आणि तिची एक स्कॅन केलेली प्रत घरी आई-वडिलांकडे असावी.